मदत हवी आहे: बाळ कोल्हापुरात जन्मलं, वडील जपानी, तीन महिन्यांची मुदत चालू आहे

नमस्कार मंडळी. बाळंतीण आहे, एका हाताने टाईप करतेय, चुका पोटात घाला.

मी कोल्हापूरची, पासपोर्ट भारतीय. नवरा जपानी, राहतो नागोयाला. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे आईनं लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं. सासूबाईंना काय वाटेल म्हणून मी धास्तावले होते, पण त्यांच्याकडेही बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे, 'सातोगाएरी' म्हणतात. त्यांनीच माझी बॅग भरली.

मुलगी झाली, आता पाच आठवड्यांची आहे. बाबांनी २१ दिवसांच्या आत जन्मनोंदणी केली. खिडकीवरच्या काकांना मधलं नाव हवं होतं. जपानी नावात ते नसतंच, म्हणून बाबा 'नको' म्हणाले. काकांनी दोनदा विचारलं, "नक्की? पुढं शाळेत नडंल बघा."

आता खरी अडचण. नवरा म्हणतो, परदेशात जन्मलेल्या मुलाला तिथलं नागरिकत्व मिळालं असेल, तर जन्मापासून तीन महिन्यांच्या आत जपानी कार्यालयात नोंद करावी लागते आणि त्याच फॉर्मवर 'जपानी नागरिकत्व राखून ठेवतो' या रकान्यात सही लागते. ती राहिली तर नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात. बाबा म्हणतात, सही केलीस की पोरगी भारताची राहणार नाही, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. त्यात एका एजंटने (फी आधीच घेतली, हे वेगळं) सांगितलं, "आधी ओसीआय काढा, मग बाकीचं." (ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड.)

कुणाचं ऐकू? नवऱ्यानं सही केली तर तिचं भारतीय नागरिकत्व लगेच जातं का? तिचा जन्म झाला तेव्हा तो भारतात नव्हता, त्यानं काही फरक पडतो का? आईनं सव्वा महिना उंबरा ओलांडू दिलेला नाही, त्यामुळे अजून कुठेच जाऊन विचारता आलेलं नाही.

बावडेकर
ताई, अभिनंदन! आधी एजंटचं सोडा. ओसीआय परदेशी नागरिकाला मिळतं, भारतीय नागरिकाला नाही. आणि तुमची मुलगी आज भारतीयच आहे. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे, की जन्म भारतात, आई-वडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला, की मूल जन्मानेच नागरिक. तुमचे यजमान त्या वेळी भारतात आलेलेच नव्हते, म्हणजे बेकायदा राहण्याचा प्रश्नच नाही. हेच बाळ नागोयात झालं असतं, तर भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंद करा, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्या, हे सगळं आलं असतं. आईच्या हट्टानं तेवढं काम वाचलं.

ऊसवाला
जपानची नोंद मात्र चुकवू नका. मुदत टळली तर १८ वर्षांच्या आत जपानात राहून परत मिळवता येतं, पण तो वेगळा खटाटोप. माझ्या मते ही सही म्हणजे नवीन नागरिकत्वाचा अर्ज नव्हे, वडिलांकडून जन्मतःच आलेलं टिकवणं आहे. गाडी अडते ती पासपोर्टवर. जपानी पासपोर्ट काढला की भारतीय पासपोर्ट ठेवता येत नाही. आणि जपान आपल्याच नागरिकाला व्हिसा देत नाही, म्हणजे नोंद झाल्यावर तिला नागोयाला न्यायचं तर जपानी पासपोर्टच लागणार. त्यावर भारतातून बाहेर पडताना एक्झिट परमिट लागेल, कारण पासपोर्टवर व्हिसाच नसणार. जिल्ह्यात त्यासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नागरिक कक्षात विचारा. ओसीआय त्यानंतर, आई भारतीय म्हणून मिळतं.
जपानी कायद्याने पुढे विशीच्या आत तिला एकच नागरिकत्व निवडावं लागेल, ते तिचं ती बघेल.

मूळ धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. त्यांची खरी चिंता आत्ता कळली, शिरोळकडचा दीड एकर ऊस नातीच्या नावावर लागेल का?

ऊसवाला
😄 ओसीआय असली तर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. वारसाने मात्र मिळते. काकांना सांगा, घाई नाही.
आणि हो, जपानी फॉर्मवर जन्माची वेळ तास-मिनिटांत लिहावी लागते. आपल्या जन्मदाखल्यावर ती नसते. डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा.

मूळ धागाकर्ती
कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात नुसतं 'पहाटे' एवढंच वाचता येतंय. पण आईनं पत्रिकेसाठी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय, ४ वाजून १७ मिनिटं. उद्या दवाखान्यातून त्या वेळेचं पत्र घेते. नवरा तिथल्याच नगर कार्यालयात नोंद करणार आहे, म्हणजे मला मुंबईच्या जपानी वकिलातीत जावं लागणार नाही. मूळ दाखला सोमवारी कुरिअरने जाईल, जपानी भाषांतर तो स्वतः करतोय. 'कसबा बावडा' कसं लिहायचं म्हणून आत्ताच दोनदा फोन येऊन गेला.