शब्दचर्चा : ‘नवा बदल सुरू करा’ की ‘फेरफार नोंद धरा’?

प्रश्न

आम्ही ग्रंथालयांसाठी संगणक प्रणाली तयार करतो आणि गेले काही महिने एआय सहायकाकडून कोड लिहून घेताना ‘आधी तपशील, मग कोड’ ही पद्धत पाळतो, म्हणजे प्रणालीने कसे वागावे हे आधी लिहून ठरवतो आणि मगच कोड लिहून घेतो. त्यासाठी ओपनस्पेक हे साधन वापरतो. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मराठीत मार्गदर्शिका लिहायला घेतली आणि पहिल्याच आज्ञेपाशी अडलो. साधन ज्याला ‘चेंज’ म्हणते तो नव्याने उघडण्याची ही आज्ञा आहे आणि मी तिच्यापुढे ‘नवा बदल सुरू करा’ असे लिहिले होते. ते वाचून एका सहकाऱ्याने थेट सहायकाला कोड बदलायला सांगितले. त्याला दोष देता येणार नाही, कारण माझे वाक्य तेच सांगत होते.

प्रत्यक्षात या आज्ञेने कोडची एक ओळही हलत नाही. ‘चेंजेस’ या फोल्डरात त्या कामाच्या नावाचा नवा फोल्डर तयार होतो, पहिला कागद कोणता लिहायचा आहे हे सहायक दाखवतो आणि आपण काय सांगतो याची वाट पाहत थांबतो. त्यानंतर हा बदल का हवा आणि त्यात काय काय येते हे सांगणारा प्रस्ताव लिहायचा, मग प्रणालीने कसे वागावे याबद्दल तपशिलात लिहिलेल्या अपेक्षांमध्ये नेमका काय फरक पडणार ते आणि रचनेचे टिपण, शेवटी कामांची यादी. हे सगळे माणसाने वाचून मान्य केल्यावरच कोडला हात लागतो. अशा वेळी ‘चेंज’साठी ‘बदल’, ‘सुधारणा’, ‘दुरुस्ती’ आणि ‘बदलप्रस्ताव’ यांपैकी कोणता शब्द योग्य होईल? त्याच्यासोबत क्रियापद कोणते वापरावे?

प्रतिसाद १

माझ्या मते अडचण ‘बदल’ या नामापेक्षा ‘सुरू करणे’ या क्रियापदात जास्त आहे. मराठीत काम सुरू करतात, दुकान सुरू करतात, बोलणी सुरू करतात. म्हणजे जे काही काळ चालत राहणार आहे ते सुरू होते. बदल मात्र आपण करतो, सुचवतो किंवा घडवून आणतो. त्यामुळे ‘बदल सुरू केला’ असे कानावर पडले की ‘बदलायला लागलो’ हाच अर्थ मनात येतो, आणि आपल्या सहकाऱ्याने तोच घेतला.

‘दुरुस्ती’त काहीतरी बिघडले होते असे गृहीत धरलेले असते, तर ‘सुधारणा’ म्हटले की पुढची स्थिती आधीपेक्षा चांगली असणार हे आधीच ठरून जाते. एखादी सोय काढून टाकण्याचा प्रस्ताव यांपैकी कोणत्याच शब्दात नीट बसत नाही. ‘बदलप्रस्ताव’ मला आवडला असता. पण आपण म्हणता त्याप्रमाणे त्या फोल्डरात ‘प्रस्ताव’ नावाचा एक स्वतंत्र कागद असतोच, आणि मग ‘बदलप्रस्तावातील प्रस्ताव’ असे लिहावे लागेल. संपूर्णाला आणि त्याच्या एका भागाला एकच नाव देणे परिभाषेत कधीही सोयीचे नसते.

प्रतिसाद २

आपण ज्या वस्तूचे वर्णन केले आहे, तिच्यासाठी महाराष्ट्राच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला शब्द आहे आणि तो आपल्या यादीत नाही याचे मला आश्चर्य वाटते. तो शब्द आहे ‘फेरफार’. माझे वडील तलाठी होते आणि घरात हा शब्द रोज कानावर पडायचा, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जमिनीची आजची स्थिती सातबाऱ्यावर असते. कोणी जमीन विकत घेतली किंवा कोणाला ती वारसाने मिळाली, तर तलाठी थेट सातबारा खोडून नवे नाव लिहीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळवणाऱ्याने आधी तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते; खरेदीखतासारखा नोंदणीकृत दस्त असेल तर मात्र सूचना नोंदणी कार्यालयाकडून जाते. त्या वर्दीवरून किंवा सूचनेवरून कलम १५० प्रमाणे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक देऊन नोंद धरली जाते. तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत आली तर ते प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत आली नाही किंवा तिचा निकाल लागला, तर अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच फेरफाराचा अंमल सातबाऱ्याला दिला जातो. नोंद धरल्यापासून ती प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावरील नावे जशीच्या तशी राहतात. नोंद नामंजूर झाली तरी सातबाऱ्याला धक्का लागत नाही आणि ती का नामंजूर झाली हे नोंदवहीत कायम वाचता येते.

ओपनस्पेकची मांडणी याच्याशी किती जुळते ते पाहा. ‘स्पेक्स’ या फोल्डरात प्रणाली आज कशी वागते ते लिहिलेले असते, तो सातबारा. ‘चेंजेस’मधील प्रत्येक फोल्डर म्हणजे एक फेरफार नोंद. काम पूर्ण होऊन तो फोल्डर ‘अर्काइव्ह’मध्ये जातो, तेव्हा त्यातील फरक मूळ तपशिलात मिळवले जातात, हेच ‘अंमल देणे’. त्या फोल्डराच्या नावाआधी तारीख लागते, त्यामुळे एखादी अपेक्षा तपशिलात कधी आणि का आली हे मागे जाऊन पाहता येते, जसे सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावापाशी लिहिलेल्या फेरफार क्रमांकावरून पाहता येते. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर कमी झालेले नाव पुसले जात नसे, त्याला कंस केला जाई. गावात अजूनही ‘त्याच्या नावाला कंस झाला’ असे म्हणतात.

म्हणून ‘नवा बदल सुरू करा’ ऐवजी ‘नवी फेरफार नोंद धरा’ असे लिहावे असे मी सुचवतो. ‘धरणे’ या क्रियापदातच प्रत्यक्ष परिणाम पुढे व्हायचा आहे हे आलेले आहे.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ मधील जुळणी मला पूर्ण पटते, तरी एक आक्षेप नोंदवतो. पुण्यामुंबईतील ज्या तरुण वाचकांसाठी ही मार्गदर्शिका आहे, त्यांतील बहुतेकांनी फेरफार नोंदवही पाहिलेली नसेल. त्यांना ‘फेरफार’ हा शब्द वर्तमानपत्रांतून माहीत आहे आणि तिथे तो गुणपत्रिकेतील फेरफार, हिशेबातील फेरफार, म्हणजे लबाडीने केलेली खाडाखोड, या अर्थाने येतो. एआय सहायकाने लिहिलेल्या कोडबद्दल लोकांच्या मनात आधीच साशंकता असताना ‘सहायकाने फेरफार केला’ असे वाक्य आपल्या मार्गदर्शिकेत असावे का?

प्रतिसाद २ कर्त्याचे उत्तर

आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर वाक्यरचनेत सापडते. दूषित अर्थ येतो तो ‘कशात तरी फेरफार करणे’ या रचनेत, म्हणजे जिथे मूळ कागदावरच परस्पर हात चालवला जातो. ‘फेरफार नोंद धरणे’, ‘फेरफार मंजूर होणे’, ‘फेरफाराचा अंमल देणे’ या रचनांमध्ये तो अर्थ येत नाही, कारण त्यांत बदल उघडपणे, वहीत लिहून आणि हरकतीला वाव ठेवून होतो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतर म्हणजेच या कार्यपद्धतीचे सार आहे असे मला वाटते. सहायकाला संभाषणात तोंडी सांगून थेट कोड बदलून घेणे हा पहिल्या अर्थाचा फेरफार आणि आधी नोंद धरणे हा दुसऱ्या अर्थाचा. मार्गदर्शिकेत ‘फेरफार करणे’ ही रचना कुठेही न वापरता नेहमी ‘फेरफार नोंद’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ‘फेरफार नोंद’ स्वीकारतो आहे आणि तो शब्द वापरू लागताच एक जुनी चूक नीट समजली, ती इथे सांगतो.

वाचकाला पुस्तकाची मुदत वाढवून देण्याबद्दल आमच्या तपशिलात एक अपेक्षा होती आणि तिच्याखाली दोन प्रसंग होते. पहिला : जेव्हा वाचक मुदत संपण्याआधी विनंती करतो, तेव्हा त्याला सात दिवस वाढवून मिळतील. दुसरा : जेव्हा ते पुस्तक दुसऱ्या वाचकाने राखून ठेवलेले असते, तेव्हा विनंती नाकारली जाईल. आम्हाला सातचे दहा दिवस करायचे होते. सहायकाने अपेक्षांमधील फरकाच्या कागदात ‘मॉडिफाइड’ या मथळ्याखाली फक्त पहिला प्रसंग नव्या आकड्यासह लिहिला, आम्ही तो वरवर वाचून मान्य केला आणि पुढे फोल्डर अर्काइव्हमध्ये गेला तेव्हा राखीव पुस्तकाचा प्रसंग मूळ तपशिलातून नाहीसा झाला. या मथळ्याखाली लिहिलेला मजकूर जुन्या अपेक्षेची संपूर्ण जागा घेतो. त्यात भर घातली जात नाही. म्हणून न बदलणारा भागही तिथे पुन्हा पूर्ण लिहावा लागतो.

मी या मथळ्यासाठी मराठीत ‘बदललेले’ असा शब्द योजला होता आणि त्यातून हे मुळीच कळत नव्हते. राज्याच्या सुधारणा अधिनियमांच्या मराठी पाठात ‘या मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल’ अशी ठरलेली वाक्यरचना असते. तिच्या आधारे त्या कागदातील ‘ॲडेड’, ‘मॉडिफाइड’ आणि ‘रिमूव्ह्ड’ या तीन मथळ्यांचे अर्थ आता असे लिहिले आहेत : ‘समाविष्ट’, ‘ऐवजी दाखल’ आणि ‘वगळले’. मधला शब्द उच्चारायला जड आहे हे मान्य, पण जुन्याच्या जागी नवे येते हे तोच स्पष्टपणे सांगतो.

अपेक्षेच्या वाक्यांतील क्रियापदाबद्दलही निर्णय झाला. ‘शॅल’ (shall) या बंधन दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दासाठी काही जण ‘केले पाहिजे’ असे लिहीत होते. कायद्याच्या मराठीत बंधनासाठी ‘करील’, ‘देईल’, ‘राहील’ आणि मुभेसाठी ‘करता येईल’ असा भेद रुळलेला आहे. तोच पाळणार आहोत. मात्र साधनाची तपासणी अपेक्षेच्या मजकुरात ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ हा शब्द रोमी लिपीत शोधते, त्यामुळे तो एक शब्द तसाच ठेवून बाकीचे वाक्य मराठीत लिहावे लागेल.

मार्गदर्शिकेचा पहिला परिच्छेद आता असा आहे : ‘कोणतेही नवे काम हाती घेताना प्रथम त्याची फेरफार नोंद धरा. नोंदीला थोडक्यात आणि कामावरून ओळखू येईल असे नाव द्या, उदाहरणार्थ mudatvadh-daha-divas. फोल्डराचे नाव रोमी लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जोडरेघा देऊन लिहा. त्याच नावाची नोंद आधीपासून असेल तर दुसरी धरू नका, असलेली पुढे चालवा. नोंद धरल्यावर सहायक थांबेल. प्रस्ताव लिहून सहकाऱ्यांच्या हरकती घेतल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देऊ नका.’

‘अर्काइव्ह’साठी ‘दप्तरी दाखल करणे’ असे लिहिणार होतो. परंतु कार्यालयांत तो शब्दप्रयोग पुढे काहीही करायचे नाही म्हणून प्रकरण मिटवताना वापरतात, आणि इथे तर त्याच वेळी मूळ तपशील बदलतो. म्हणून ‘अंमल देऊन दप्तरी दाखल करणे’ असा पूर्ण प्रयोग ठेवला आहे. नामंजूर झालेल्या नोंदींसाठी मात्र नुसते ‘दप्तरी दाखल’ चालेल असे वाटते. याबद्दल कोणाची हरकत असेल तर मार्गदर्शिका छापण्याआधी कळवावी.