गोयाचा दगड

शिळाछाप (लिथोग्राफी, म्हणजे सपाट दगडावर तेलकट खडूने रेखाटून त्यावरून केलेली छपाई) ही फक्त स्वस्तात प्रती काढायची सोय, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. जर्मन नाटककार झेनेफेल्डरने हे तंत्र शोधलं ते नाटकं आणि संगीत छापायला, हे खरं. पण लंडनमध्ये १८०३ सालीच चित्रकारांच्या शिळाछापांचा संच निघाला होता, त्यात बेंजामिन वेस्टचा देवदूत आहे.

आणि स्पॅनिश चित्रकार गोया! १८२५, फ्रान्समधलं बोर्दो, वय ७९, नजर अधू. दगड चक्क ईझलवर उभा करून तेलकट खडूने रेखाटायचा, उजेड हवा तिथे वस्तऱ्याने खरवडायचा. बैलझुंजीची ती चार चित्रं जवळून बघा, काळ्यातून खरवडून काढलेला पांढरा दिसेल. तांब्याच्या पत्र्यावर कोरताना हात इतका मोकळा सुटत नाही हो.