बाळाशी घरात कोणत्या भाषेत बोलावे?

मूळ मुद्दा (घोडबंदर रोड, ठाणे)
आमच्या इमारतीतील एका घरात आठ महिन्यांच्या बाळाशी फक्त इंग्रजीत बोलायचे असे ठरले आहे आणि मालवणहून आलेल्या आजीलाही 'काऊ-चिऊ' म्हणण्याची मनाई आहे. मला हे फार लागले. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवले की इंग्रजी घरांतील 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात, मात्र 10 ते 12 महिन्यांपर्यंत बहुतेकांची ही जाण ओसरते. बाळाचे कान वर्षाच्या आतच घरच्या बोलीला जुळतात. म्हणून पहिले वर्ष मराठीचेच असावे.

प्रतिसाद (नेरूळ)
ताई, प्रयोग खरा आहे, पण त्यातून 'मराठीच' हे निघत नाही. जे ध्वनी कानावर पडत नाहीत त्यांचीच जाण ओसरते आणि तीही कायमची नाही. मोठेपणी सरावाने ती बरीच परत मिळवता येते. आमच्या घरी मी मराठी आणि पत्नी तमिळ बोलते, मुलगी दोन्ही बोलते. शिवाय मेंदूची बांधणी एका वर्षात पुरी होत नाही. नवजात बाळात ऐकण्याच्या भागापासून पुढच्या ब्रोका क्षेत्राकडे (मेंदूतील बोलण्याशी निगडित भाग) खालून जाणारा तंतुमार्ग दिसतो, परंतु वरून जाणारा मार्ग पुढे कित्येक वर्षे पक्का होत राहतो. पहिल्या वर्षाची भीती घालून आईबापांना अपराधी वाटू देणे मला पटत नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर
'मराठीच' हा शब्द मी मागे घेते. दोन भाषांचे ओझे होत नाही हे मान्य. माझे दुःख आजीला गप्प बसवण्याचे आहे. संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी समोर बसून कोणी 12 वेळा मँडरिन या चिनी भाषेत बोलले, खेळले, तेव्हा ती बाळे त्या भाषेचे ध्वनी ओळखू लागली. तेच पडद्यावर दाखवले किंवा नुसते ऐकवले तेव्हा काहीच साधले नाही. त्या घरात दिवसभर बाळाला मांडीवर घेणारी आजीच एक आहे आणि तिच्या बोलण्याच्या जागी आता मोबाईलवरची इंग्रजी गाणी लागतात.

प्रतिसाद (नेरूळ)
याला माझा विरोध नाही. आईवडिलांनी इंग्रजी बोलावे, आजीने मालवणी.