होमस्कूल को-ऑपची नावनोंदणी: सॉफ्टवेअर कसं निवडलंत? (अनुभव धागा)

गुलबक्षी, ऑस्टिन

होमस्कूलिंग करणारी, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी, काही घरं मिळून आम्ही आठवड्यातून एक दिवस को-ऑप चालवतो. चर्चच्या खोल्या भाड्याने घेतो आणि पालकच शिकवतात: कुणी गणित, कुणी मातीकाम, कुणी वादविवाद. आजवर गूगल फॉर्म आणि एक्सेलवर निभावलं. आता घरं वाढली आहेत, त्यामुळे ऑगस्टच्या सत्रापासून रीतसर सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय. घरटी वार्षिक वर्गणी, मग प्रत्येक मुलाची वयाप्रमाणे वर्गनिवड, वर्गागणिक जागांची मर्यादा, वेटलिस्ट आणि पैसे, एवढं सगळं एका जागी हवं.

कंपन्यांच्या साइटवरच्या याद्या वाचून झाल्या आहेत. नोंदणीच्या दिवशी तुमच्याकडे प्रत्यक्षात काय होतं आणि आज नव्याने निवडायचं झालं तर पहिला प्रश्न कुठला विचाराल, ते लिहा. अमेरिकेतल्या, भारतातल्या सगळ्यांनीच लिहा. हव्या त्या वर्गात जागा मिळाली नाही की मूल आठवडाभर हिरमुसलेलं असतं, म्हणून मला हे नीट करायचंय.

पिंपळपान, डॅलस

पहिला प्रश्न हाच विचारा: जागा नक्की कधी धरली जाते? वर्ग कार्टमध्ये टाकल्यावर, की पैसे भरल्यावर?

आमच्याकडे नोंदणी सकाळी नऊला उघडते आणि रोबोटिक्सला आठच जागा. तीन मुलांच्या आईला तिघांचे तास एकमेकांशी जुळवायचे असतात. धाकट्याला दुसऱ्या तासाला काहीच मिळालं नाही, तर त्या वेळी त्याला सांभाळायचं कुणी? ती स्वतः त्याच तासाला दुसऱ्या खोलीत विज्ञान शिकवत असते. ही जुळवाजुळव करून ती पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत एकच मूल असलेल्या घरांनी रोबोटिक्स भरून टाकलेलं असायचं. आमचं आधीचं सॉफ्टवेअर पैसे भरेपर्यंत जागा धरतच नव्हतं. मोठ्या कुटुंबांवर हा सरळसरळ अन्याय होता, आणि त्यापायी दोन चांगली घरं को-ऑप सोडून गेली. आताच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा काही मिनिटं राखून ठेवली जाते. त्या एका सोयीसाठी आम्ही बाकी बऱ्याच गोष्टींवर पाणी सोडलं, आणि ते योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे.

वेटलिस्टचंही नीट बघा. आपोआप पुढे सरकणारी वेटलिस्ट ऐकायला छान वाटते. पण दरम्यान त्या मुलाने त्याच तासाला दुसरा वर्ग घेतलेला असतो, त्याचे पैसेही भरलेले असतात. मग एक मूल एकाच वेळी दोन खोल्यांत! आम्ही वेटलिस्ट हाताने सरकवतो, आधी फोन करून.

शिकवणाऱ्या पालकांसाठी नोंदणी दोन दिवस आधी उघडता येते का, हेही विचारा. ज्यांनी सत्रभराची जबाबदारी घेतली, त्यांच्या मुलांना आधी निवड मिळालीच पाहिजे.

घेण्याआधी चाचणीच्या खात्यात तीन मुलांचं एक काल्पनिक कुटुंब भरा आणि सगळी नोंदणी फोनवरून करून बघा. लॅपटॉपवर नको, बहुतेक आया हे काम फोनवरच करतात.

खजिनदार_काकू, न्यू जर्सी

मी पैशांचं लिहिते. स्ट्राइप (ऑनलाइन कार्डाने पैसे घ्यायची सोय देणारी कंपनी) हिचा अमेरिकेतला कार्डाचा नेहमीचा दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट. वर्गाची साहित्य-फी 15 डॉलर धरा आणि तीन मुलांचे मिळून बारा वर्ग. प्रत्येक वर्गाचे पैसे वेगळे भरले, तर जवळजवळ 8 डॉलर 80 सेंट कटतात. तेच 180 डॉलर एकरकमी भरले तर 5 डॉलर 52 सेंट. म्हणजे सगळ्या भावंडांचं एकच बिल होतं की नाही, यावर घरामागे तीन डॉलरांहून जास्त फरक पडतो. साठ घरांचा को-ऑप असेल तर हिशेब तुम्हीच करा.

झेलला (बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायची इथली सोय) काही लागत नाही, म्हणून आमच्याकडे आधी तेच होतं. पण पैसे येतात वडिलांच्या नावाने, सभासद आईच्या माहेरच्या आडनावाने आणि निरोपात नुसतं 'फी'. आपल्या लोकांत तर हे फारच. रात्र रात्र बसून नावं जुळवण्यापेक्षा मी तो खर्च आनंदाने सोसते.

आणखी दोन गोष्टी. साहित्य-फी ज्या पालकाने माती, रंग, सूक्ष्मदर्शकाच्या काचा आणल्या त्याला द्यायची असते, तेव्हा वर्गनिहाय किती जमा झाले हा अहवाल एका क्लिकवर मिळायला हवा. आणि पैसे परत केले तरी कार्डाचं कमिशन सहसा परत मिळत नाही, म्हणून परताव्याचा नियम नोंदणीच्या पानावरच लिहा.

मोरपंखी, फिनिक्स

अ‍ॅरिझोनात 2022 पासून ईएसए (मुलाच्या शिक्षणासाठी राज्य सरकारकडून मिळणारे पैसे) सगळ्या मुलांसाठी खुलं झालं. ते घेणारी मुलं कायद्याने 'होमस्कूल'मध्ये धरत नाहीत, पण को-ऑपला आमच्यासोबतच येतात. त्यांना त्या पैशांच्या हिशेबात दाखवायला प्रत्येक मुलाच्या नावाने, वर्गाच्या नावासकट वेगळं बिल लागतं. कुटुंबाची एकत्र पावती चालत नाही. खजिनदार काकूंना एकच बिल हवं आणि आम्हाला मुलागणिक! दोन्ही देणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

शेवंती, पिट्सबर्ग

पेनसिल्व्हेनियात वर्षाला 180 दिवस किंवा प्राथमिकला 900 तास, माध्यमिकला 990 तास शिक्षण झाल्याची नोंद ठेवावी लागते. वर्षाअखेर मूल्यमापन करणाऱ्या शिक्षकांना मुलाच्या कामाची फाइल दाखवायची असते. को-ऑपच्या वर्गांची यादी आणि हजेरी त्या फाइलला फार उपयोगी पडते. म्हणून मी 'आमचा सगळा डेटा आम्हाला एक्सेलमध्ये कधीही उतरवून घेता येईल ना?' असं लेखी विचारायला सांगेन. आम्ही सॉफ्टवेअर बदललं तेव्हा जुन्या कंपनीने खातं बंद केलं आणि मागच्या वर्षांची हजेरी मिळालीच नाही. ऐन मे महिन्यात कितीतरी आयांना ईमेल आणि डायऱ्या धुंडाळत बसावं लागलं. गुलबक्षी, तुमच्या टेक्ससमध्ये सरकारला असं काही दाखवावं लागत नाही, पण मूल पुढे कॉलेजला अर्ज करेल तेव्हा चार वर्षांपूर्वी कुठले वर्ग केले होते ते लागेलच.

निवडुंग, सॅन होजे

सभासदत्व मोठं आणि वर्ग थोडे असतील तर वाइल्ड अ‍ॅप्रिकॉट हे सॉफ्टवेअर बघा. नूतनीकरणाची आठवण, सभासदांची यादी वगैरे त्यात मुळातच आहे. मात्र दर यादीतल्या संपर्कांच्या संख्येप्रमाणे चढतात आणि ते मुळात क्लब-संस्थांसाठी बनलेलं आहे, त्यामुळे वर्ग 'इव्हेंट' म्हणून बसवावे लागतात. होमस्कूल-लाइफ हे दुसरं सॉफ्टवेअर खास होमस्कूलच्या गटांसाठीच आहे, तिथे कुटुंब आणि मुलं ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

गूगल फॉर्मबद्दल: वर्ग भरला की तेवढाच पर्याय आपोआप बंद होणं मूळ फॉर्ममध्ये नाही, अ‍ॅड-ऑन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावावं लागतं. मर्यादा असलेले तीन-चारच वर्ग असतील तर तेवढ्यावर भागतं.

नर्स_आई, शिकागो

पैसे आणि जागा झाल्या, आता मुलांच्या माहितीचं बोलूया. वर्गातल्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याचं एपिपेन (अ‍ॅलर्जीचा जोराचा त्रास झाल्यास द्यायचं इंजेक्शन) कुठल्या पिशवीत आहे, त्याला घरी कोण नेऊ शकतं आणि कोण नाही, हे त्या तासाच्या शिक्षकाला दिसलंच पाहिजे. त्याच शिक्षकाला बाकी घरांचे पत्ते आणि पैशांचे व्यवहार दिसायचं काही कारण नाही. कुणाला काय दिसेल हे वेगवेगळं ठरवता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घटस्फोटाच्या प्रकरणात पत्ता लपवावा लागणारी आई आमच्या गटात होती.

वर्गाची यादी छापता येते का, हेही बघा. आमचे वर्ग चर्चच्या तळघरात भरतात, तिथे नेट पोचत नाही. दर आठवड्याला मी अ‍ॅलर्जीच्या रकान्यासकट यादी छापून प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावते.

टेकडीवाली, पुणे

आमचा गट लहान आहे, पंधरा-सोळा घरांचा. टेकडीवर फिरणं, कुंभाराकडे जाणं, विज्ञानाचे प्रयोग असं चालतं. व्हॉट्सअ‍ॅप, एक फॉर्म आणि यूपीआय यावर सगळं सुरळीत आहे. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर 2020 पासून व्यापारी शुल्क नाही, त्यामुळे काकूंनी मांडलेला कमिशनचा प्रश्न आम्हाला पडत नाही. माझ्या मते वीस घरांच्या आत सॉफ्टवेअर घेऊच नये, एकमेकांना फोन करावा.

मात्र भारतातल्यांनी लक्षात ठेवावं की 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती असावी असं म्हटलंय. मुलांच्या आधारचे फोटो ग्रुपवर मागवणं तर आत्ताच थांबवा. दहावीसाठी एनआयओएसचा (शाळेत न जाता परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा) अर्ज करताना जी कागदपत्रं लागतील, ती पालक स्वतःच देतील. गटाने ती साठवायची गरज नाही.

गुलबक्षी, ऑस्टिन

सगळ्यांचे मनापासून आभार. पिंपळपान, कार्टचा प्रश्न आजच दोन कंपन्यांना पाठवला. एकीने लगेच उत्तर दिलं, दुसरीने डेमोची वेळ दिली. नर्स आई, छापील यादीचं आमच्या समितीत कुणालाच सुचलं नव्हतं.

एक अडचण उरली आहे. आमच्याकडे प्रत्येक पालकाला दर सत्रात एक काम घ्यावंच लागतं: मदतनीस, दारावर उभं राहणं, शेवटी झाडलोट. कुणी काय घेतलं हे वेगळ्या कागदावर राहतं, आणि सत्र सुरू झाल्यावर कळतं की झाडलोटीला कुणीच नाही. यासाठी आणखी एक साइट वापरायची का?

पिंपळपान, डॅलस

नको, लोक दोनदा लॉगिन करत नाहीत. कामंच वर्ग म्हणून घाला. 'झाडलोट, तिसऱ्या तासानंतर, जागा चार, फी शून्य', आणि नाव पालकाचं. जागांची मर्यादा आणि वेटलिस्ट तीच लागू होते, कुठलं काम रिकामं आहे ते नोंदणीच्या दिवशीच दिसतं. फक्त पालकालाही वर्गात नोंदवता येतं का ते डेमोत करून घ्या. काही ठिकाणी जन्मतारखेवरून मोठ्या माणसाला अडवतात, मग वयोमर्यादा त्या वर्गापुरती काढावी लागते.