मुंबई सिटी एफसी या आपल्या फुटबॉल क्लबचा कोच डेस गेला. आता अंधेरीच्या डगआउटमध्ये कोण बसणार?

वसईचा_निळा
डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. तूर्तास संघ अँथनी फर्नांडिसकडे आहे. लियम मॅनिंग ब्रिस्टल सिटीला गेल्यामुळे ऑक्सफर्डची जागा रिकामी झाली, आणि डेस तर त्याच गावचा, कोचिंगची सुरुवातही तिथलीच. घरून बोलावणं आल्यावर माणूस जाणारच. माझा त्याच्यावर राग नाही.

पण वेळ बघा. नोव्हेंबर २०२३ अर्धा संपलाय. इंडियन सुपर लीगमध्ये आपण अजून हरलेलो नाही, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये चार सामने, चार पराभव, एकही गोल नाही. महिनाअखेरीला नसाजी क्लबशी इराणमध्ये खेळायचंय. अशा वेळी नवा माणूस येणार.

मला काळजी एकाच गोष्टीची आहे. आपला गोलकीपर लाचेंपा गोलकिकवर बॉल उगाच लांब उडवत नाही. जवळ बचावातल्या मेहताबला देतो, मधल्या फळीतला आपुइया खाली येऊन घेतो, समोरचे अंगावर धावून येतात आणि तिकडे विंगवर छांगटे मोकळा सुटतो. हे एका दिवसात बसलेलं नाही. २०२१-२२ मध्ये हेच शिकताना आपण पाचवे आलो, प्लेऑफ हुकला, तेव्हा डेसला काढा म्हणणारे किती होते आठवतंय ना? व्यवस्थापनाने त्याला ठेवलं म्हणून पुढच्या हंगामात सलग १८ सामने अपराजित राहिलो, ४६ गुण झाले, लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची शील्ड आली. नवा कोच हे सगळं मोडून पहिल्यापासून मांडायला बसला, तर हंगाम गेला समजा.

सगळीकडे नावं फिरतायत : आपला जुना कोच, आता ओडिशाकडे असलेला लोबेरा, केविन मस्कॅट, खालिद जमील. तुम्हाला कोण हवाय? नुसतं नाव नको, कारण लिहा.

बालेवाडी_ब्लॉक
लोबेरा. दुसरं नाव नाही. २०२०-२१ मध्ये शील्ड आणि प्लेऑफनंतरची ट्रॉफी दोन्ही एकाच हंगामात त्यानेच आणली. गोव्यात फातोर्ड्याच्या फायनलमध्ये बिपिनने ९०व्या मिनिटाला मारलेला गोल मी अजून महिन्यातून एकदा तरी बघतो. ओडिशाला काय हवे ते पैसे द्या आणि त्याला घेऊन या.

कूपरेज_कट्टा
पुणेकर, तुमचं प्रेम समजतं, पण लोबेरा येणार नाही आणि यावा असं मला वाटतही नाही. त्याची पद्धत त्याच्या माणसांवर चालते. गोव्याहून आपल्याकडे आला तेव्हा जाहू, फॉल, बूमूस, मंदार असे सगळे खेळाडू सोबत घेऊन आला. यंदा ओडिशाला गेला तर जाहू आणि फॉल पाठोपाठ तिकडे. आज तो एकटा आला तर मधल्या फळीत त्याचं घड्याळ चालवणारा जाहू कुठून आणायचा?

आपला मालक कोण आहे ते आधी बघा. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हापासून कोचची निवड एकट्या मुंबईत होत नाही. या ग्रुपच्या क्लबांत कोच बदलला तरी खेळ तोच राहावा असं बघतात. जपानमध्ये योकोहामात कोच पोस्टेकोग्लू सेल्टिकला गेला, मस्कॅट आला, आणि त्याच धाटणीच्या खेळावर २०२२ ची जे-लीग जिंकली. मेलबर्न सिटीत मोंबार्ट्स गेला तर त्याचाच सहायक किस्नॉर्बो मुख्य कोच झाला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. त्या किस्नॉर्बोच्या हाताखाली कोण होतं? डेस. तिथूनच तो आपल्याकडे आला.

म्हणून माझा अंदाज असा, की मेलबर्नमधूनच कोणीतरी सहायक येईल. आपल्यापैकी फारसं कुणी नावही ऐकलेलं नसेल, आणि पहिल्या दिवशी सगळे हिरमुसतील. मला मात्र तोच पर्याय पटतो. मस्कॅटचं म्हणाल, तर जे-लीग जिंकलेला माणूस हंगामाच्या मध्यात अंधेरीला येईल असं मला वाटत नाही.

करवीर_फॉरवर्ड
काका, खालिद जमील का न्हाई? आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडले की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. इतकी पोरं खेळत्यात, पण मोठ्या क्लबच्या बाकावर आपल्यातला माणूस दिसत न्हाई, मग पोरांनी कुणाकडं बघायचं? खालिदनं मिझोरमच्या आयझॉलला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून दिली. त्याच्या आदल्या हंगामात तो क्लब खालच्या लीगमध्ये गेलेला, मागनं परत वर घेतला! एवढं करूनबी त्याला मुंबईत मोठा क्लब कोण देत न्हाई.

कूपरेज_कट्टा
खालिदबद्दल मला सांगू नका, तो कोच असताना जुन्या मुंबई एफसीला (आपली मुंबई सिटी नव्हे) मी कूपरेजवर बसून बघितलंय. हाताशी पैसा नाही, मोठा परदेशी खेळाडू नाही, तरी वर्षानुवर्षं तो संघ त्याने वरच्या लीगमध्ये टिकवला. त्याच्याएवढा मेहनती कोच मी या शहरात पाहिला नाही. पण त्याचा खेळ वेगळा. मागे घट्ट बसायचं, बॉल मिळाला की सरळ पुढे. वसईकरांनी वर जे लाचेंपाचं लिहिलंय ते त्याच्याकडून मागणं त्याच्यावरही अन्याय आहे. त्याला क्लब द्यायचाच तर उन्हाळ्यात द्या, खेळाडू त्याला निवडू द्या.

करवीर_फॉरवर्ड
मधनं संघ हातात घेऊन दाखवलाय की त्यानं! २०२०-२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं कोच न्यूसला काढलं, खालिदकडं दिलं, आणि लीगमध्ये एकबी सामना न हरता सेमीफायनलला नेलं. आणखी काय पुरावा पायजे? आणि २०२२ मध्ये आपण रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, त्यात विजयी गोल आपल्या कॅप्टनचा, राहुल भेकेचा होता, मुंबईच्या पोराचा. खेळाडू इथला चालतो, कॅप्टन इथला चालतो, मग कोच का न्हाई?

वसईचा_निळा
भावा, नॉर्थईस्टचा मुद्दा बिनतोड आहे, आणि कॅप्टनचाही. तो संघ मात्र तळाकडे घसरत होता, तिथे आधी गोल खाणं थांबवायचं होतं. आपण घसरलेलो नाही. आपल्याला चालू आहे ते चालू ठेवणारा हवा, म्हणून यावेळी माझं मत काकांच्या बाजूला. पण खालिदला या शहराने अजून एक मोठा क्लब द्यायला हवा, हे मी कुठेही उभा राहून सांगेन.

मेलबर्नचा असो की कुठलाही, त्याने आल्याआल्या दोन गोष्टी कराव्यात. आपुइयाला आहे तिथेच खेळवावं. आणि फॉरवर्ड विक्रम प्रतापला शेवटच्या दहा मिनिटांपुरता न ठेवता सुरुवातीपासून उतरवावं, तो तयार झालाय. २० डिसेंबरला मोहन बागान अंधेरीत येतंय. त्याआधी दोन आठवडे तरी नव्या माणसाला सरावाचे मिळायला हवेत, म्हणजे घोषणा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायलाच हवी.