मदत हवी आहे: राजगडाच्या माच्यांवर टेबलं तयार होतायत (टोपोशीटवरून त्रिमितीय मॉडेल)

गुंजवणीकाठ

नमस्कार मंडळी,

मी घरांचे प्लॅन काढणारा ड्राफ्ट्समन. ऑटोकॅडवर बारा वर्षं हात बसलाय, पण भिंत, दार, जिना यांच्यापलीकडे कधी गेलो नाही. डोंगर पहिल्यांदाच काढतोय.

कारण असं की आमच्या सोसायटीतली पोरं दर दिवाळीला किल्ला करतात. विटा, गोणपाट, माती, वर हळीव. गेल्या वर्षी एका काकांनी पोरांना विचारलं, "हा राजगड की तोरणा?" पोरांची तोंडं उतरली. त्यांना मी शब्द देऊन बसलोय की यंदाचा राजगड नकाशावरून, मापात होईल. दिवाळीला पाच आठवडे उरलेत.

आतापर्यंत केलेलं: सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटचा (जमिनीच्या उंच्या दाखवणाऱ्या नकाशाचा) स्कॅन घेतला. इथेच पहिली गंमत झाली. किल्ला ४७ एफ/१२ वर आहे, पण १८ अंश १५ मिनिटांची रेघ बालेकिल्ल्याच्या उत्तरेला जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या आत जाते. उत्तरेचा उतार त्यामुळे वरच्या ४७ एफ/११ मध्ये. दोन्ही शीट जोडल्या. मग ४ किमी बाय ३ किमीची चौकट आखून २० मीटरची प्रत्येक समोच्च रेषा (कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) पॉलिलाइनने गिरवली आणि प्रॉपर्टीजमध्ये एलेव्हेशन टाकत गेलो. सवयीने ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये होतं आणि उंच्या मीटरमध्ये टाकल्या, त्यामुळे पहिला राजगड पोळीसारखा लाटला गेला. ते लक्षात आलं, सुधारलं.

आता ऑटोकॅडची फाइल (डीडब्ल्यूजी) स्केचअप या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन सँडबॉक्समधलं 'फ्रॉम कंटूर्स' (कंटूरवरून डोंगराचा पृष्ठभाग करणारं फंक्शन) चालवलं की असं होतंय:

१. बालेकिल्ल्याचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट.
२. सुवेळा आणि संजीवनी या माच्यांच्या धारेवर एकामागोमाग एक सपाट टेबलं, मध्ये पायऱ्या.
३. कडे गायब. तिथे नुसता घसरगुंडीसारखा उतार.
४. चौकटीच्या कडेला लांबलचक त्रिकोण, पडद्यासारखे लोंबणारे.
५. एका जागी शिंग आलंय. तिथे डोंगर नाही, मी स्वतः चारदा गेलोय.

सॉफ्टवेअर चुकतंय की मी?

पोटमाळा

भावा, गिरवत कशाला बसलास? एसआरटीएमचा उंच्यांचा डेटा फुकट आहे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, दहा मिनिटांत डोंगर उभा. डीईएमटूथ्रीडी नावाचं प्लगिन थेट एसटीएल फाइल देतं, प्रिंटरला पाठवायची. बाकी काकांना विचार, राजगड-तोरण्यातला फरक त्यांना तरी सांगता येतो का :)

आडरान

पोटमाळा, ते करून पाहावं, पण राजगडाला नाही. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी. तिचा एक चौकोन जमिनीवर साधारण ३० मीटरचा. संजीवनीची धार काही ठिकाणी दोन चौकोनांतही मावते. मग कडा, धार, पलीकडचा कडा या सगळ्याची सरासरी होते आणि माचीचा उंटाच्या पाठीसारखा गोल उंचवटा होतो. सह्याद्रीत कोणत्याही ३० मीटरच्या डेटाची हीच गत. मोठी दरी किंवा अख्खा तालुका दाखवायचा असेल तर मीही तोच वापरते.

गुंजवणीकाठ, सॉफ्टवेअर चुकत नाहीये. तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढंच त्याने केलंय. (मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. हीच टेबलं कॉलेजात ज्युरीसमोर मांडून बोलणी खाल्ली आहेत.)

हे फंक्शन रेषांवरचे बिंदू घेतं आणि जवळचे तीन-तीन जोडून त्रिकोणांची जाळी विणतं. 'जवळचे' ही मेख आहे. सोंडेवर कंटूर इंग्रजी यू आकारात वळतो. त्या वळणाच्या आत उभ्या असलेल्या बिंदूला वरच्या रेषेतला बिंदू लांब आणि समोरच्या बाजूचा, स्वतःच्याच रेषेतला बिंदू जवळ. मग त्रिकोणाची तिन्ही टोकं एकाच उंचीवर येतात. तिन्ही टोकं ११८० वर असतील तर तो त्रिकोण सपाटच होणार. तुमची टेबलं ती हीच. घळीत पाहा, तिथेही असतील, फक्त सावलीत दिसत नसतील.

उपाय: सोंडेच्या माथ्यावरून एक रेघ ओढा, नाकासारखी, वरच्या कंटूरपासून खालच्या कंटूरपर्यंत. ती थ्रीडी पॉलिलाइन हवी. प्रत्येक कंटूरला छेदते तिथे तीच उंची द्या आणि मधल्या बिंदूंना मधली. घळीत ओढ्याच्या तळातूनही तसंच. याला ब्रेकलाइन म्हणतात. सिव्हिल थ्रीडी असेल तर कंटूर जोडतानाच 'मिनिमाइझ फ्लॅट एरियाज'चे पर्याय मिळतात आणि ते बरंच काम उरकतात. पण राजगडासारख्या धारेवर हाताने ओढलेली रेघ जास्त खरी, कारण तुम्ही तिथे चालला आहात.

बालेकिल्ल्याचा माथा: पुस्तकांतून राजगडाची उंची १,३७६ मीटर दिलेली असते. ती धरली तर तुमची शेवटची रेषा १३६० ची. त्याच्या वर काय आहे हे जाळीला माहीतच नाही. शीटवर छापलेली स्पॉट हाइट (एका जागेची आकड्यात दिलेली उंची) घ्या, तिथे एक बिंदू ठेवा, शिवाय माथ्यावरची सपाटी अंदाजाने एका बंद रेषेने दाखवा.

कडेचे पडदे: गिरवताना चौकटीबाहेर दोन-तीनशे मीटर जा. जाळी झाल्यावर चौकटीवर कापा. पडदे कापलेल्या भागात जातात.

चेनमन

आयुष्य सर्वेक्षणात गेलं, म्हणून दोन शब्द.

शिंग म्हणजे चुकलेला आकडा, शंभरातल्या नव्वद वेळा. १०२० च्या जागी १२०० दाबलं जातं. टोपोशीटवर दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे दर १०० मीटरला एक. आधी फक्त जाड रेषांना उंची दे आणि त्या तपास. मग दोन जाड रेषांमध्ये बारीक चारच बसल्या पाहिजेत. पाच बसल्या किंवा तीन उरल्या तर गिरवताना कुठेतरी एका रेषेवरून दुसरीवर घसरला आहेस. कड्यापाशी हे हमखास होतं. ऑटोकॅडमध्ये उंचीप्रमाणे रंग देऊन बघ, चुकलेली रेषा लगेच उठून दिसेल.

दुसरी खूण अशी की कंटूर ओढा ओलांडतो तेव्हा त्याचं टोक चढाकडे असतं आणि सोंडेवर उताराकडे. ओढ्याची रेघ निळी असो वा काळी (कोरड्या ओढ्याची काळी असते), टोक चढाकडेच. टोक उलटं दिसलं की उंच्यांचा क्रम उलटा पडलाय.

कडे. कड्यावर २०-२० मीटरच्या रेषा एकमेकींत घुसतात. मग नकाशा काढणारा त्या तिथे तोडतो आणि खडकाची चिन्हं भरतो. तू रेषा तुटली म्हणून पुढचं टोक अंदाजाने जोडलंस, म्हणून घसरगुंडी. कड्याची वरची कड एक रेघ, पायथा दुसरी रेघ, दोघींना आपापली उंची आणि मध्ये आडवं अंतर एक-दोन मीटर ठेव. शून्य ठेवू नकोस. जाळीला एका जागी एकच उंची ठाऊक असते.

आणि अचूकतेचा फार सोस नको. छापलेली रेघ ०.२ मिलिमीटर जाड धरली तरी १:५०,००० ला ती जमिनीवर १० मीटर झाली. तुझी अख्खी चौकट कागदावर आठ बाय सहा सेंटीमीटर आहे. काडेपेटीहून जराशी मोठी! तेवढ्यातून किल्ला मोठा करतोयस, तेव्हा बुरुज नकाशात शोधू नकोस. बुरुज डोळ्यांनी बघून लावायचे.

गुंजवणीकाठ

काका, शिंग सापडलं! ११०० ऐवजी १०१० टाकलं होतं, त्यामुळे खड्डा पडला होता आणि त्याच्या शेजारचा भाग मला शिंग वाटत होता. संजीवनीवर एका जागी घसरलोही होतो, खालून तिसरी रेषा वर जाऊन चौथी झाली होती.

आडरानताई, सुवेळेच्या धारेवर ब्रेकलाइन ओढली आणि टेबलं गेली. अक्षरशः गेली. बायकोला उठवून दाखवलं. घळींना अजून हात लावलेला नाही, तीसेक आहेत.

आता पुढचं. हे सरफेस (तयार झालेली जाळी) लेझरवाल्याला द्यायचंय, ४ मिमी एमडीएफचे थर कापून एकावर एक चिकटवायचेत. स्केचअपमधून आडवे काप कसे काढायचे?

सुतारपक्षी

थांबा, थांबा. थरच कापायचे असतील तर सरफेस हवंच कशाला? तुम्ही गिरवलेली कंटूर म्हणजेच कापायची रेघ. रेषेवरून जाळी करायची आणि जाळी कापून पुन्हा तीच रेषा काढायची, हा उलटा घास झाला. पोरं वरून माती लिंपणार आहेत ना? मग पायऱ्या मातीच बुजवेल. आणि थरांत कड्याचा प्रश्न उरत नाही. रेषा एकावर एक आल्या की थरांच्या कडा एका ओळीत येतात, झाला कडा.

१:५००० करा. २० मीटर म्हणजे बरोबर ४ मिमी, एक कंटूर एक थर, उभं-आडवं प्रमाण एकच. चौकट ८० बाय ६० सेंमी. उठाव (सर्वांत खालच्या आणि वरच्या उंचीतला फरक) सहाशे मीटरच्या आसपास धरला तर तीस थर, म्हणजे १२ सेंमी उंच.

पण तीस पूर्ण थर कापू नका, पाच शीट जातील. ८ बाय ४ फुटाच्या शीटमध्ये ८० बाय ६० चे सहा तुकडे बसतात. पहिल्या तुकड्यातून १, ७, १३, १९, २५ हे थर एकात एक कापा. दुसऱ्यातून २, ८, १४, २०, २६. असे सहा. प्रत्येक थर कड्यासारखा (बांगडीतलं कडं, तुमचा कडा नव्हे) पोकळ निघतो आणि खालच्या थरावर पाच कंटूरांइतका टेकतो. पंचेचाळीस अंशांच्या उतारावरही ती टेक दोन सेंटीमीटर भरते. अख्खा राजगड एका शीटमध्ये! सर्वांत खाली पाया म्हणून एक जाड प्लाय द्या.

लेझरवाल्याला दोन रंगांत फाइल द्या, एक कापायची रेघ आणि एक नुसती कोरायची. प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या थराची बाह्यरेषा कोरून घ्या, शेजारी थराचा नंबर. नाहीतर चिकटवताना थर सरकतात आणि वरती संजीवनी भलतीकडे जाते. स्प्लाइन असतील तर पॉलिलाइन करून घ्या, आणि 'ओव्हरकिल' चालवून एकावर एक पडलेल्या रेघा काढा, त्या राहिल्या तर लेझर तिथून दोनदा जाऊन कड जाळतं.

शीट घेताना व्हर्नियरने मोजा. ४ म्हणून दिलेली ३.८ भरली तर तीस थरांत ६ मिमी गेले, म्हणजे ३० मीटरचा डोंगर दुकानातच राहिला.

गुंजवणीकाठ

सुतारपक्षी, तीन आठवडे सरफेसशी झटापट करून हे वाचतोय. हसावं की रडावं! पण सरफेस वाया जाऊ देणार नाही. बालेकिल्ला थ्रीडी प्रिंट करायचं ठरलंय, १:२००० ला. माथा आणि कडे आडरानताईंनी आणि काकांनी सांगितलं तसे केलेत, बाकी उतार फोटो बघून स्केचअपमध्ये हातानेच ओढणार. पोरांना गडाची मागची बाजू स्क्रीनवर फिरवून बघायला मिळाली, त्यावरच ती खूश आहेत.

एक शेवटचं विचारतो. सुवेळेवरचं नेढं कसं दाखवू? आरपार भोक आहे, खाली खडक, मध्ये हवा, वर पुन्हा खडक.

आडरान

उंचीच्या जाळीत येणार नाही. एका जागी एकच उंची, काकांनी सांगितलं तेच. सरफेसला जाडी देऊन सॉलिड करा आणि त्यातून दुसरा आकार वजा करा, तरच आरपार जाईल. पण प्रिंट बालेकिल्ल्याचं आहे ना, नेढं तर सुवेळेवर, म्हणजे थरांत.

सुतारपक्षी

थरांत तर आणखी सोपं. १:५००० ला तीन मीटरचं भोक म्हणजे ०.६ मिमी, दिसणारच नाही. माप सोडा, ३ मिमीचं ड्रिल मारा. आडवं मारा आणि थर पूर्ण वाळल्यावरच मारा.

पोटमाळा

आणि माती लिंपताना ते बुजवणाऱ्या पोराला आधीच हुडकून ठेव. आमच्याकडे दरवर्षी एक असतोच.

गुंजवणीकाठ

आहे, तिसऱ्या मजल्यावरचा. त्याला नेढ्यात काडी धरून उभं करतो. लेझरवाल्याने शनिवार दिलाय, बेड ८ बाय ४ चा आहे हे विचारून घेतलं. शीट मोजली, ३.९ भरली. थर लागले की इथेच फोटो टाकतो.