मार्कअप आणि कोड एकाच फाइलमध्ये: गोंधळ नेमका कशाचा?

वाकडी चौकट
रिअ‍ॅक्टने (वेबपाने रचण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) २०१३ साली जेएसएक्स, म्हणजे कोडमध्येच एचटीएमएलसारखा मार्कअप लिहिण्याची रीत, आणून पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेच्या सुरुवातीच्या दिवसांतील गोंधळच नव्या वेष्टनात परत आणला, असे काल शेजारच्या धाग्यावर ठणकावून सांगण्यात आले. टाळ्याही पडल्या, म्हणून सविस्तर लिहितो. त्या जुन्या पानांत गोंधळ होता, तो एचटीएमएल आणि कोड शेजारी नांदत होते म्हणून नव्हे. त्याच पानात डेटाबेसची जोडणी उघडत होती, क्वेरी (डेटाबेसला विचारणा) चालत होती आणि ग्राहकाची सवलतही ठरत होती, म्हणून. थकबाकीची ओळ लाल दाखवायची की नाही, हा दाखवण्याच्या बाजूचा निर्णय आहे; थकबाकीदार कोणाला म्हणायचे, हा नाही. फाइली वेगळ्या केल्या की जबाबदाऱ्या वेगळ्या होतात, हा भ्रम मायक्रोसॉफ्टच्या २००२ च्या एएसपी डॉट नेटनेच फेडला: पान एका फाइलीत, कोड-बिहाइंड, म्हणजे त्या पानाचा कोड, दुसऱ्या फाइलीत, आणि बटण दाबल्यावर चालणाऱ्या क्लिक-हँडलरमध्ये थेट डेटाबेसची एसक्यूएल क्वेरी.

जुने खोड
जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व उत्तम आहे. फक्त माणसे ते पाळत नाहीत. एका पतसंस्थेच्या प्रणालीत व्याज जेएसपी पानातच (एचटीएमएलमध्ये जावा कोड मिसळलेले पान) पूर्ण रुपयांत आणले जात असे. पडद्यावर २,३४८ रुपये, रात्री छापल्या जाणाऱ्या पत्रात २,३४७.५०, आणि सभासद दोन्ही कागद घेऊन काउंटरवर उभे. पान लिहिणाऱ्यालाही आपण ‘फक्त दाखवतो आहोत’ असेच वाटत होते. संगणकशास्त्रज्ञ टेरेन्स पार यांनी २००४ च्या निबंधात टेम्प्लेटने (पानाच्या साच्याने) डेटावर गणित करू नये, तुलनाही करू नये, असे बजावले, ते उगाच नव्हे. जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमधून आर्ग्युमेंट देऊन फंक्शन बोलावता येत नाही, हे कुंपण मला हवेच आहे.

अर्धी रात्र
त्याच कुंपणातून लूपमध्ये ‘ऑर्डर डॉट कस्टमर डॉट नेम’ एवढे निरागस लिहून पाहा. शंभर ऑर्डरींना शंभर जादा क्वेऱ्या जातात, आणि त्या टाळायला व्ह्यूमध्ये, म्हणजे टेम्प्लेटला डेटा पुरवणाऱ्या कोडमध्ये, सिलेक्ट-रिलेटेड (संबंधित नोंदी त्याच क्वेरीत आणण्याची सूचना) लिहावे लागते. म्हणजे पानावर काय दिसणार हे व्ह्यूला आधीच ठाऊक हवे. शिवाय अडवलेला प्रत्येक जण कस्टम फिल्टर (टेम्प्लेटमधून वापरायचे स्वतःचे फंक्शन) लिहून तर्क तिथे लपवतो, तो वेगळाच.

स्वल्पविराम
हे सारे ठीक, पण देवनागरी आकड्यांचे काय करता? सर्व्हरने रक्कम स्वल्पविरामांसह तयार मजकूर म्हणून पाठवली की तुलना अक्षराक्षराने होते, आणि तक्त्यात चढत्या क्रमाने १०,००० आधी येतात आणि ९,००० नंतर.

जुने खोड
पार यांचा तोही नियम आहे: मॉडेलकडून (डेटा आणि नियम सांभाळणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या डेटात मांडणी नको. आकडा आकडाच पाठवावा. ब्राउझरचे इंटल डॉट नंबरफॉरमॅट (भाषेप्रमाणे आकडे लिहिण्याची सोय) मराठीसाठी १२,३४,५६७ असे लाखांच्या गटांत आणि देवनागरीत आपणहून लिहून देते.

स्वल्पविराम
आणि ईमेलमध्ये कोणता ब्राउझर बसला आहे? उलट दिशेची गंमत तर याहून मोठी. अर्जदाराने १२३ असे देवनागरीत टंकले, तर मजकुराची संख्या करणारे पायथनचे ‘इंट’ ते बिनतक्रार स्वीकारते, जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ मात्र नॅन, म्हणजे ‘ही संख्या नाही’, असे उत्तर देते. एका सरकारी अर्जात मी हे पाहिले आहे: मराठी पान, मराठी सूचना, मराठीत भरलेले उत्पन्न, आणि खाली लाल अक्षरांत ‘कृपया वैध संख्या भरा’. सर्व्हरला ती संख्या चालली असती, पण तिथपर्यंत ती पोहोचलीच नाही.

वाकडी चौकट
प्रत्येक धागा देवनागरी आकड्यांवर नेण्याचा आपला छंद सर्वांना परिचित आहे. हा तपासणीचा प्रश्न आहे, मांडणीचा नव्हे.

स्वल्पविराम
छंद? ज्याचा अर्ज अडला त्याला हे समोर बसवून सांगा. वैध काय, हा तर्क दोन ठिकाणी दोन भाषांत लिहिला गेला आणि दोघांची उत्तरे वेगळी आली. आपण वर ज्या जबाबदाऱ्यांविषयी एवढे लिहिले, त्या याच ना?

वाकडी चौकट
बरे. अंतिम निर्णय सर्व्हरचा आणि ब्राउझरमधील तपासणी केवळ सोयीची, एवढे मान्य. माझ्या पहिल्या लिखाणात तेच अभिप्रेत होते.

अर्धी रात्र
अभिप्रेत असलेली ती ओळ कोणती, तेवढे दाखवावे.

जुने खोड
ती सापडेपर्यंत जेएसएक्सला माझी हरकत नाही, असे समजा. मात्र आपल्या एखाद्या कंपोनंटमध्ये (जेएसएक्समध्ये लिहिलेल्या पानाच्या तुकड्यात) व्याजाचा दर आढळला, तर तो कोड मी याच धाग्यावर आणून चिकटवणार आहे.